नावेमागची रेघ

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी हातवाल्या बाई दोन नंबरच्या टेबलाखाली गुडघे टेकून बसल्या होत्या. कॉम्प्युटरवरचे खेळ खेळायच्या दांडीची बैठक टेबलाला घट्ट बसली आहे की नाही हे त्या रोज स्वतः हलवून बघत. दुसऱ्या कुणी बघितलंय म्हटलं तरी त्या पुन्हा बघत. वर खुर्चीत क्रेनवाला बसला होता. त्याचे बूट बाईंच्या नाकासमोर होते आणि आज त्यांना पॉलिश होतं.

"बाई, आज दांडीचं सोडा, मला घट्ट बसवा," तो वरून म्हणाला. "उडून जाईन."

पुनर्वसन रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरची ही खोली. सहा टेबलं, भिंतीला लागून कपाट, त्यात लाकडी खुंट्या, रबरी चेंडू, मळायची माती, दोऱ्या, कुलपं आणि बटणं लावलेले कापडाचे तुकडे. ज्यांचा हात गेला त्यांचा हात परत आणायचा प्रयत्न इथे होतो. खालच्या मजल्यावर चालायला शिकवणारे 'पायवाले', समोरच्या खोलीत बोलायला शिकवणाऱ्या 'जिभेच्या बाई', आणि इथे 'हातवाल्या बाई'. तिघं एका टेबलावर जेवायला बसले की आता एक अख्खा माणूस तयार झाला, असं रुग्णालयात म्हणत.

क्रेनवाला बावन्न वर्षांचा. त्यातली निम्मी वर्षं गोदीतल्या क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये गेलेली. सात महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय परत आला. वाचाही परत आली, आणि गरजेपेक्षा जास्तच आली, असं त्याची बायको म्हणे. हात मात्र मागे राहिला. पकड आली, बळ आलं. पण बारीक काम करताना हात अधूनमधून थरथरे, आणि गोदीतली क्रेन बळावर चालत नाही. दोन छोट्या दांड्यांवर चालते. बोटभर जास्त हललं की खाली लोंबणारा लोखंडी डबा हातभर झोका घेतो.

दुपारी चार वाजता त्याचा निकाल होता. गोदीचा सुरक्षा अधिकारी येणार होता, मोठे डॉक्टर बसणार होते. हात क्रेनवर बसायला लायक आहे असं लिहून मिळालं, तर उद्या सकाळी सातला तो शिडी चढून केबिनमध्ये जाणार होता. नाही मिळालं, तर केबिन त्याच्या जागी बसवलेल्या नव्या चालकाची कायमची होणार होती आणि याला फाटकावर गाड्यांची आवक-जावक बघायची होती. फाटकाचं नाव काढलं की तो म्हणे, "त्यापेक्षा तिथे पुठ्ठ्याचा माणूस उभा करा. त्याला जेवणाची सुट्टी पण लागत नाही."

खुंट्यांच्या आणि पकडीच्या चाचण्यांत तो काठावर होता. म्हणून निकाल नावेवर येऊन ठेपला होता.

नाव म्हणजे कॉम्प्युटरवरचा एक खेळ. अरुंद कालव्यातून एक लहानशी नाव दांडीने हाकायची, भिंतीला लागू द्यायची नाही. भिंतीला लागली की टक् असा आवाज होतो आणि धक्क्यांच्या मोजणीत एक वाढतो. मुलांचा खेळ खरा, पण खुंट्या उचलून कंटाळलेली मोठी माणसं या नावेपुढे तासभर बसत. खेळ बाईंच्या धाकट्या दिराने सुचवला होता आणि बाईंनी तो दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या नावावर विकत घेतला होता. तो कुलूप नसलेले खेळ विकणाऱ्या दुकानातला होता. एकदा पैसे दिले की खेळ बसवायची फाइल उतरवून घ्यायची, जपून ठेवायची, हव्या त्या मशीनवर बसवायची. पुढे दुकानाला काही विचारावं लागत नाही. बाईंना हेच हवं होतं, कारण उपचाराच्या खोलीतल्या मशीनला इंटरनेट जोडायची रुग्णालयात सक्त मनाई होती. दुसऱ्या दुकानांचे खेळ त्यांनी आधी आणून बघितले होते. ते उघडत, आधी इंटरनेट जोडा म्हणत आणि हाताची घडी घालून बसत.

क्रेनवाल्याने दांडीवर हात ठेवला. बाई शेजारी उभ्या राहिल्या. पहिला कालवा, दुसरा कालवा, मग शेवटचा, ज्यात पुलाखाली नाव जागच्या जागी धरून पूल उचलला जाईपर्यंत थांबावं लागतं. क्रेनवर लोंबता माल धरून थांबावं लागतं, तसंच. गेल्या महिन्यात सगळे मिळून सतरा धक्के बसले होते. आज एक बसला.

त्याने हात उचलून डोळ्यांसमोर धरला आणि उलटसुलट करून बघितला, बाजारात वस्तू घेताना बघावी तसा. मग खिशातून फोन काढून बायकोला लावला आणि म्हणाला, "एक." तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "अगं, एक म्हणजे एकच. ये तू चारला."

मोठे डॉक्टर फेरीवर होते. त्यांनी दारातूनच आकडा बघितला, आत आले, क्रेनवाल्याचा हात हातात घेऊन अंगठा मागे वाकवला, मान हलवली. बाईंना म्हणाले, "लायकीच्या कागदावर तुमची सही झाली की माझ्याकडे पाठवा."

क्रेनवाला कॅन्टीनकडे गेला. जाताना जिभेच्या बाईंच्या दारात थांबून त्यांनाही 'एक' सांगून गेला. बाई खुर्ची सरळ करायला वळल्या आणि पडद्याकडे बघून तशाच उभ्या राहिल्या.

खेळ संपला की पडद्यावर अख्खा कालवा वरून दिसतो आणि नाव जिथून गेली तिथे पांढरी रेघ उमटलेली असते. बाई धक्क्यांपेक्षा ती रेघ बघत. आजारी हाताची रेघ करवतीच्या दात्यांसारखी असते. हात सुधारत जातो तसे दाते बोथट होतात, पण पूर्ण जात नाहीत. धडधाकट माणसाचेही जात नाहीत. क्रेनवाल्याची आजची रेघ पट्टी लावून ओढल्यासारखी होती.

त्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्या खुर्चीत बसल्या आणि स्वतः खेळल्या. त्यांची स्वतःची नेहमीची मजल सहा-सात धक्क्यांची. आज एकही नाही. मग डाव्या हाताने खेळल्या, ज्या हाताने त्यांना धड सहीसुद्धा करता येत नाही. एकही नाही. मग उठून दार लोटून घेतलं, परत बसल्या आणि मुद्दाम हात थरथरवत खेळल्या, त्यांचे रुग्ण पहिल्या आठवड्यात थरथरतात तशा. दांडी त्यांच्या मुठीत खडखडत होती आणि पडद्यावर नाव शांतपणे कालव्याच्या मधोमध चालली होती. पुलाखाली ती दगडासारखी थांबली. एक धक्का.

कुठे चुकलं हे शोधायला फार वेळ लागला नाही, कारण चूक त्यांनीच केली होती. आदल्या आठवड्यात या टेबलाचं मशीन बंद पडलं. रुग्णालयाने दुसरं दिलं, कोरं. खेळ बसवायची जुनी फाइल दिराच्या हार्ड डिस्कवर होती. ती मागायची, तो शोधून देणार, मग चार तुकड्यांत असलेली ती फाइल जोडून बसवायची. बाईंनी रविवारी मशीन घरी नेलं आणि सोपा रस्ता धरला. त्या दुकानाचं स्वतःचं एक अॅप आहे, क्लायंट म्हणतात. घ्यायलाच हवं असं नाही. वाटलं तर घ्या, नाही तर नका घेऊ, असं दुकान स्वतःच सांगतं. बाईंनी घेतलं. नाव-पासवर्ड टाकला, एक बटण दाबलं आणि पोळ्या लाटायला गेल्या. पोळ्या होईपर्यंत खेळ बसला होता. सोमवारी खोलीत आणला, इंटरनेटशिवाय सुरू झाला, क्लायंटला काही विचारलंही नाही. दिराची मिनतवारी न करता काम झालं म्हणून बाई स्वतःवर खूश होत्या.

क्लायंटने खेळ दिला होता, पण सर्वांत नवा. जुन्या आणि नव्याच्या मध्ये खेळ करणाऱ्याने काय बदललं हे बाईंनी आता पर्यायांच्या पानावर वाचलं. 'सोपं सुकाणू' नावाची एक सोय आली होती. हाताचे बारीक झटके खेळ आपण होऊन गाळून टाकत होता. बाईंनी ती बंद करून बघितली. तरी दोनच धक्के बसले, कारण नवख्यांना सोपं जावं म्हणून कालवेच रुंद केले होते. भिंतीच मागे सरकल्या होत्या.

बाईंनी जिन्यात जाऊन दिराला फोन लावला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. कुठल्यातरी इमारतीत लिफ्टखालच्या खड्ड्यात होता, आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"वहिनी, क्लायंटवरून घेतलास?"

"हो."

"मी काय सांगितलं होतं?"

"भाऊजी, शिव्या संध्याकाळी द्या. आत्ता जुनं व्हर्जन कसं मिळेल ते सांगा. मला चारच्या आत हवंय."

शिव्या संध्याकाळपर्यंत ठेवायला तो तयार नव्हता. क्लायंट घेणं म्हणजे दुकानदाराचा माणूस घरात ठेवून घेणं, असं तो म्हणाला. माणूस वाईट नसतो, पाणी भरतो, दिवे लावतो. पण आपण आत पोळ्या लाटत असताना तो बाहेर जुनं कपाट काढून नवं लावतो आणि वर विचारतो, आवडलं ना? त्याला नको म्हणायची सोय असते, पण ती कुणी बघत नाही. एवढं झाल्यावर त्याने खड्ड्यातूनच फोनवर दुकानाचं पान उघडून बघितलं. पूर्वी तिथे जुन्या आवृत्त्या निवडता येत. नवी आली तशा खेळ करणाऱ्याने त्या सगळ्या काढून टाकल्या होत्या.

"पण मी पैसे दिलेत ना? माझा आहे तो."

"तुझाच आहे. पण आपला म्हणजे आपल्या घरात असलेला, वहिनी. त्यांच्या गोदामातला नव्हे. तुला उतरवून ठेवायला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं." मग आवाज थोडा खाली आला. "माझ्या खोलीत पत्र्याचा डबा आहे. त्यात असेल. असायला हवी. मागच्या वर्षी एक डिस्क गेली होती, ती हीच की दुसरी, आठवत नाही."

बाई जिन्यात उभ्या राहिल्या. लायकीचा कागद त्यांच्या टेबलावर होता. सही केली असती तर कुणाला कळलं नसतं. मोठ्या डॉक्टरांनी आकडा स्वतः बघितला होता. क्रेनवाला खूश होता, गोदी खूश झाली असती. आणि सांगायचं तर पहिली गोष्ट ही सांगावी लागणार होती, की रुग्णालयाचं मशीन बाईंनी घरी नेऊन इंटरनेटला जोडलं. त्याला परवानगी लागते. ती त्यांनी घेतली नव्हती.

त्या कॅन्टीनमध्ये गेल्या. क्रेनवाला खिडकीशी बसला होता, उजव्या हातात चहाचा पेला. बाईंना बघून त्याने तो उंच धरला. बाई समोर बसल्या आणि सकाळचा आकडा खरा नसल्याचं सांगितलं. का, तेही सांगितलं. त्याने पेला खाली ठेवला तेव्हा तो बशीवर जरासा वाजला आणि दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

"कागदावर काय आहे?" त्याने विचारलं.

"कागद कोरा आहे."

"मग लिहा ना, एक. मी खोटं बोललो का? तुम्ही खोटं बोललात का? मशीन बोललं."

"दादा, मशीन तुमचा हात धरून चालवत होतं."

"मला वाटलं, माझा हातच आला परत." थोडा वेळ तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, ती केबिन आज गेली की गेली. आज मला कागद द्या, मी वर जातो. आठ दिवस हळू चालवीन. हात आपोआप वळणावर येईल. जे काम केबिनमध्ये होतं ते तुमच्या खुंट्यांनी होणार नाही."

"आणि आठ दिवसांत खाली कुणी असलं तर?"

"मला नका शिकवू. खाली इशारे करायला माझा मेहुणा असतो, हिचा सख्खा भाऊ. त्याच्यावर मी माल पाडीन?"

त्याने आपण काय बोललो ते ऐकलं असावं, कारण मान फिरवली. मग सावकाश म्हणाला, "तुम्ही कुणाच्या बाजूच्या आहात, ते एकदा सांगून टाका."

बाई म्हणाल्या की त्या जुना खेळ आणणार आहेत आणि चारला तो जुन्यावर खेळेल. जो आकडा येईल तो लिहितील, एकही धक्का कमी-जास्त न करता. जमलं तर केबिन त्याची. तो म्हणाला, "आणि जुना मिळाला नाही तर?" बाई म्हणाल्या, तर कागद कोराच राहील. तो उठला आणि पेला तिथेच ठेवून निघून गेला.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी टॅक्सी केली. घरी सासूबाई टीव्हीसमोर भाजी निवडत होत्या. सून भर दुपारी आली म्हणजे कुणाचं काहीतरी झालं, असं समजून त्या पाटी घेऊनच उठल्या. काही झालं नाही, भाऊजींच्या खोलीतला डबा हवाय, असं बाईंनी सांगितल्यावर त्या जास्त घाबरल्या.

"अगं, त्या डब्यांना हात लावलेला त्याला चालत नाही. मी केर काढायला गेले तरी अंगावर येतो. काय भरून ठेवलंय कोण जाणे. आता सगळं फोनवर मिळतं म्हणतात, याचं आपलं भंगार वाढतंच आहे."

"आई, मी विचारलंय त्यांना."

"मग घे. पण जेवून जा."

"वेळ नाही आई."

"वेळ नाही म्हणणारीच माणसं पुढे तुझ्याकडे हात घेऊन येतात."

डबा कपाटाच्या वर होता. आत चार हार्ड डिस्क, प्रत्येक मोज्यात घातलेली. एकीवर पांढऱ्या पट्टीवर दिराच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'वहिनी–हात'. बाईंनी ती आपल्या लॅपटॉपला जोडली. डिस्क फिरल्याचा आवाज आला, थांबला, परत आला. पडद्यावर काही दिसेना. सासूबाई पाठीमागे उभ्या राहून बघत होत्या आणि अशा वेळी त्या बोलत नाहीत, याचं बाईंना आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. बाईंनी तार काढून दुसऱ्या बाजूला लावली. फाइल दिसली. चार तुकडे. त्या चारही तुकडे लॅपटॉपवर उतरवायला लागल्या. तिसऱ्यावर डिस्क पुन्हा अडखळली, बराच वेळ रेंगाळली आणि मग पुढे सरकली.

टॅक्सीत त्यांनी लॅपटॉप मांडीवर उघडाच धरला होता, झाकला तर झोपेल म्हणून.

रुग्णालयात बाहेरची कुठलीही फाइल आधी कॉम्प्युटर विभागाकडून तपासून घ्यावी लागते. तिथल्या माणसाने कारण विचारलं आणि बाईंनी सगळं खरं सांगितलं. त्याने भुवया वर केल्या, रविवारची तारीख लिहून घेतली आणि हे मला वर कळवावं लागेल म्हणाला. कळवा, पण आधी तपासा, असं बाई म्हणाल्या. तपासणी चालू असताना त्या त्याच्या दारातून हलल्या नाहीत. तो दोनदा म्हणाला, बसा. त्या उभ्याच राहिल्या.

साडेतीनला त्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टरांनी चष्मा काढून ऐकलं.

"म्हणजे या मशीनवरचे आठवडाभराचे सगळे आकडे गेले."

"गेले, सर."

"किती रुग्ण?"

"क्रेनवाले धरून चौघे. बाकीच्यांचा निकाल आज नव्हता."

"जुना खेळ म्हणताय. तो खरंच पूर्वीचाच आहे हे कशावरून? दांडी तीच, मशीन नवीन."

हा प्रश्न बाईंना अपेक्षित होता. आधी त्या स्वतः खेळतील, त्यांचे जुन्या खेळावरचे दोन वर्षांचे आकडे आहेत, ते जुळले तरच दादांना बसवायचं, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा परत लावला. रविवारच्या प्रकाराबद्दल लेखी खुलासा लागेल, म्हणाले. आवाज चढवला नाही. दाराशी आल्यावर मात्र म्हणाले, "सकाळी माझीही रेघेकडे नजर जायला हवी होती."

चारला खोलीत पाच माणसं होती. बाई, डॉक्टर, गोदीचा सुरक्षा अधिकारी, क्रेनवाला, आणि दाराशी पिशवी धरून उभी असलेली त्याची बायको. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ती अजून सकाळच्या 'एक'वरच होती. बाई खेळल्या. सात धक्के. रेघेला त्यांच्या ओळखीचे बोथट दाते. डॉक्टरांनी मान डोलावली. अधिकाऱ्याने विचारलं, हे कशासाठी? डॉक्टरांनी त्याला दोन वाक्यांत सांगितलं, आणि ती दोन वाक्यं बायकोने दारातून ऐकली.

क्रेनवाला खुर्चीत बसला. बाईंकडे बघितलं नाही. डाव्या हाताने उजवं मनगट एकदा दाबलं आणि दांडी धरली.

पहिल्या कालव्यात एकच धक्का बसला. हे खरं होतं. गेल्या महिन्यात या कालव्यात पाच होते. दुसऱ्यात दोन. बाई श्वास धरून उभ्या होत्या आणि आपण कुणासाठी धरलाय हे त्यांना सांगता आलं नसतं. हात सुधारला होता. खोट्या खेळामागे एक खरी सुधारणा लपली होती आणि ती आता पडद्यावर दिसत होती. अधिकारी कागदावरून नजर उचलून बघू लागला.

तिसरा कालवा. नाव पुलाखाली आली. आता थांबायचं. पूल उचलायला वेळ लागतो. खोलीत कुणी हललं नाही. नाव थांबली. मग हलकेच डावीकडे गेली, टक्. उजवीकडे, टक्. त्याने पकड घट्ट केली, तसे धक्के आणखी वाढले, कारण घट्ट पकडीत थरथर आतून येते. टक्, टक्, टक्. आवाज मोठा नव्हता. शांत खोलीत तो भिंतीवर कुणी नखाने वाजवावं तसा येत राहिला. त्याच्या कानशिलावरून घाम उतरला. पूल अर्धा वर आला होता.

त्याने दांडी सोडून दिली.

"पुरे," तो म्हणाला. नाव पुलाखाली आडवी झाली. "चालवता येतं. थांबता येत नाही."

मग पहिल्यांदा खुर्ची वळवून त्याने अधिकाऱ्याला विचारलं, "केबिन कधीपर्यंत मोकळी धराल?"

अधिकारी म्हणाला की धरता येणार नाही, आणि हे त्याच्या हातात नाही. दीड महिन्याने पुन्हा तपासणी झाली आणि कागद मिळाला, तर दुसरी एखादी जागा निघेल तेव्हा नाव पुढे करीन, एवढं तो सांगू शकतो. त्यातही शब्द देत नाही. तोवर फाटक. क्रेनवाल्याने 'बरं' म्हटलं.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, बाईंनी सही केली. बायको आत आली. तिने पडद्यावरच्या रेघेकडे बघितलं. पुलाखाली पांढऱ्या रेघेचा नुसता गुंता झाला होता.

"सकाळच्या आकड्यावर हे उद्या वर चढले असते?" तिने बाईंना विचारलं.

"हो."

तिने नवऱ्याचा कोट खुर्चीच्या पाठीवरून उचलला आणि उजवी बाही त्याच्यासमोर धरली. त्याने ती झटकून हातात घेतली आणि स्वतः घातली. वेळ लागला, पण घातली. जाताना त्याने डॉक्टरांना नमस्कार केला, अधिकाऱ्यालाही केला. बाईंच्या बाजूला मान वळवली नाही. त्याची पावलं जिन्यावरून गेली, एक पाय किंचित जड, आणि खालच्या वळणावर त्याचा आवाज ऐकू आला. तो बायकोला म्हणत होता, "तुझ्या भावाला सांग, अजून दीड महिना तो सुखात आहे."

बाईंनी बाकीच्या तिघांच्या नोंदींवर आठवडाभराचे आकडे खोडून शेजारी कारण लिहिलं. नवा खेळ मशीनवरून काढून टाकला. दुकानाचा क्लायंटही त्याच मशीनवर होता, तोही काढला. जुन्या फाइलच्या चारही तुकड्यांच्या दोन वेगवेगळ्या प्रती केल्या. एक कॉम्प्युटर विभागाच्या कपाटात ठेवायला दिली, तिथल्या माणसाने पावती दिली. मग खुलासा लिहायला घेतला. पहिल्या वाक्यात 'सोयीसाठी' असा शब्द आला होता. तो खोडून त्यांनी 'परवानगी न घेता' असं लिहिलं.

दिराचा फोन आला. लिफ्ट चालू झाली होती आणि त्याला डिस्क मोज्यात परत ठेवली का, हे विचारायचं होतं. बाई म्हणाल्या, ठेवली. तो म्हणाला, ती डिस्क आता मरायला टेकलीय, तिच्यातलं बाकीचं आज रात्रीच दुसरीकडे नेतो. निकालाचं काय झालं ते त्याने विचारलं. बाईंनी सांगितलं. नेहमीप्रमाणे 'मी म्हणालो होतो' असं काही तो म्हणाला नाही.

जायच्या आधी बाईंनी दुसऱ्या दिवसाच्या पाळ्या फळ्यावर लावल्या. उद्या सकाळी साडेआठ ते सव्वानऊ दोन नंबरचं टेबल क्रेनवाल्याकडे आहे. पहिले दोन कालवे घ्यायचे नाहीत, फक्त पूल. दहा वाजता त्याला गोदीच्या फाटकावर हजर व्हायचं आहे.